आधी पाइप, मग पलंग
वाचकांचे प्रश्न : घराची फेररचना आणि मास्टर बेडरूम

या वेळी बहुतेक पत्रांसोबत सजवलेल्या बेडरूमचे फोटो आले, पण घराचा नकाशा फार थोड्यांनी पाठवला. फोटोत नहाणी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचं निचऱ्याचं भांडं) दिसत नाही, बीम दिसत नाही आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी तर नाहीच नाही. उत्तरांची सुरुवात म्हणून तिथूनच केली आहे. मापं फूट-इंचांत आहेत आणि ती गिलावा, फरशी होऊन तयार झालेल्या खोलीची आहेत.

मुलुंडला १९९२ सालच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. ३ फूट रुंदीचा पॅसेज. त्याच्या एका अंगाला आधी संडास (३×४), मग न्हाणीघर (६×४), आणि टोकाला मोठी बेडरूम (१०×१४). बेडरूममध्ये खिडकीकडच्या कोपऱ्यात ५×८ चं अटॅच्ड बाथरूम काढायचं आहे. ठेकेदार म्हणतो, फरशी थोडी उचलली की झालं. घरात आम्ही दोघंच, मुलगा पुण्याला असतो. करावं का?

करू नका. ‘थोडी’ म्हणजे किती, ते आधी काढू.

कमोडचा पाइप ४ इंची. त्याला ४० फुटांत १ फूट उतार हवा, फार तर ६० फुटांत १. त्याहून कमी दिला तर पाणी पुढे जातं आणि मैला मागे राहतो. तुमच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून न्हाणीघरामागच्या डक्टपर्यंत (पाइप खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीपर्यंत) १४ फूट धरले तर उताराचेच ४ इंच झाले. पाइपची बाहेरची जाडी साडेचार इंच, वर कोबा आणि टाइलचे २ इंच. म्हणजे साडेदहा इंच, आणि तेही नुसत्या बाथरूमचे नव्हेत. पाइप ज्या वाटेने डक्टकडे जाणार ती बेडरूमची पट्टीसुद्धा उचलावी लागेल.

दुसरा मार्ग खिडकीकडच्या बाहेरच्या भिंतीतून पाइप काढून खाली जमिनीपर्यंत नवी लाइन टाकण्याचा. इमारतीच्या दर्शनी बाजूवर मैल्याचा पाइप आणि खाली नवं चेंबर, याला कोणती सोसायटी हो म्हणेल? आणि म्हटलीच तरी फरशी ८ इंच उचलावी लागतेच. ४० चौरस फुटांवर ८ इंच ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा भराव) म्हणजे सुमारे १४०० किलो, चौरस मीटरला पावणेचारशेच्या पुढे. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून जो चलभार धरतात तो चौरस मीटरला २०० किलो. त्यात साडेचार इंची विटांची भिंत १० फूट उंचीची, दोन्ही अंगांनी गिलावा केलेली, दर फुटाला सुमारे अडीचशे किलो भरते. तुमच्या नव्या बाथरूमच्या दोन भिंती, दरवाजा वजा करून, पावणेतीन टनांच्या घरात जातील. हलक्या एएसी (सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या ४ इंची भिंती केल्या तर सव्वा टनाच्या आत बसतील, पण भराव आहेच. आणि या सगळ्याखाली शेजाऱ्यांचा पलंग आहे. न्हाणीघरातली गळती ज्याची त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची, असं सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात. तुमच्या बाबतीत ती गळती कुणाच्या अंथरुणावर पडेल एवढाच फरक.

कमी उंचीत बसतो म्हणून कुणी मॅसरेटर पंप सुचवील. तो मैला दळून बारीक पाइपमधून ढकलतो आणि चालतोही. पण वीज गेली की कमोड बंद, आणि आत चुकून कापूस किंवा वाइप गेला की पंप उघडायला माणूस शोधत बसायचं. रोजच्या वापराच्या एकुलत्या एका कमोडसाठी तो घेऊ नये.

तुमच्या नकाशात याहून सोपी वाट आहे, आणि तिच्यात एकही भिंत पाडायची नाही. बेडरूमचं दार पॅसेजच्या टोकाला आहे. ते काढा आणि संडासाचं दार जिथे संपतं व न्हाणीघराची भिंत जिथे सुरू होते तिथे, पॅसेजमध्ये आडवं, नवीन दार बसवा. न्हाणीघर आणि पॅसेजचा ६ फुटांचा तुकडा आपसूक बेडरूममध्ये येतो. संडास बाहेर पाहुण्यांसाठी राहतो. संडास आणि न्हाणीघर यांच्या दारांमध्ये नव्या चौकटीला निदान ६ इंच भिंत मिळायला हवी. नसेल तर न्हाणीघराचं दार तेवढं पुढे सरकवा.

मग न्हाणीघरात कमोड. तो डक्टच्या भिंतीला पाठ लावून, पी-ट्रॅपचा घ्या, म्हणजे पाइप फरशीखाली न जाता सरळ भिंतीतून डक्टमध्ये जाईल. ४ फुटांच्या खोलीत साध्या कमोडला २७ इंच गेले की पुढे २१ उरतात. हे कमीत कमी. भिंतीत टाकी लपवणारा कमोड इथे नको, तो आणखी ५-६ इंच खातो. कमोडच्या मध्यापासून दोन्हीकडे १५ इंच मोकळे ठेवा. म्हणजे ६ फुटांपैकी ३० इंच त्याचे, ३६ शॉवरचे, उरलेल्या ६ इंचांत मध्ये काचेची उभी पट्टी. दार आत उघडलं तर कमोडवर आपटेल. सरकतं करा किंवा बाहेर उघडणारं. बेसिन आत कोंबू नका. ते न्हाणीघराच्याच भिंतीवर पॅसेजच्या बाजूने लावा, १२ इंच खोलीचं. त्याचा पाइप भिंतीतून थेट आतल्या नहाणी ट्रॅपला मिळतो, पॅसेजची फरशी फोडावी लागत नाही.

दोन गोष्टी आधी तपासा. जुन्या इमारतींत मैल्याचा आणि सांडपाण्याचा पाइप वेगवेगळा असतो. डक्टमध्ये डोकावून ४ इंची मैल्याचा पाइप न्हाणीघराच्या पाठीशी पोचतो का ते बघा. कमोड सांडपाण्याच्या ३ इंची पाइपला कधीही जोडायचा नाही. दुसरं, न्हाणीघराच्या फरशीखाली पाइपसाठी स्लॅब खाली घेऊन ठेवलेला खड्डा किती खोल आहे ते समजायला फोडाफोड लागत नाही. खालच्या घरी जाऊन त्यांच्या न्हाणीघराचं छत बाकीच्या छतापेक्षा किती खाली आहे ते मोजा, तेवढाच तुमचा खड्डा. सोसायटीची लेखी परवानगी आणि परवानाधारक आर्किटेक्टमार्फत महापालिकेचं काम, हे दोन्ही हातोडा उचलण्याआधी.

या मांडणीत मुलाला अंघोळीला तुमच्या खोलीतून जावं लागेल. महिन्या-दोन महिन्यांतून आला तर हरकत नसावी. घरात चौघं राहत असती तर आम्ही हे सुचवलं नसतं. दोन्हीकडून दार असलेलं न्हाणीघर कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात बाहेर पडणारा माणूस पलीकडची कडी काढायला विसरतो आणि सकाळी सगळं घर दार ठोठावत बसतं.

हिंजवडीत गेल्या वर्षी ताबा मिळालेला फ्लॅट आहे. दोन बेडरूममधली भिंत पाडून एक मोठी मास्टर बेडरूम करायची आहे. बिल्डर म्हणतो, ‘मायव्हान’ आहे, हात लावू नका. खरं आहे का?

खरं आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यात स्लॅब आणि भिंती एकदम ओतलेल्या असतात. बहुतेक सगळ्या भिंती काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या. त्या पाडणं सोडाच, दार सरकवायलाही वाव नाही. वायरसाठी झिरी मारायचीही नाही, कारण आतली सळई वरवरच असते. नवे पॉइंट हवे असतील तर भिंतीवरून पट्टीत न्या किंवा फॉल्स सीलिंगमधून उतरवा. शिवाय रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. तुम्ही भिंत फोडलीत की तो हात झटकायला मोकळा. दुसरी बेडरूम तशीच ठेवून तिचाच कपड्यांची खोली म्हणून वापर करा. दार ते दार चार पावलं चालावी लागतील, इतकंच.

कोथरूडला बेडरूम ११×१३ ची आहे. किंग साइझ पलंग, वॉक-इन वॉर्डरोब, टीव्ही आणि एक छोटं टेबल बसवायचं आहे. तीन डिझायनरांनी तीन वेगवेगळे नकाशे दिले. कोणता खरा मानावा?

नकाशे बाजूला ठेवा आणि बेरीज करा. ११ फूट म्हणजे १३२ इंच, १३ फूट म्हणजे १५६.

किंग पलंगाची गादी ७२×७८. डोक्याकडची पाठ धरून लांबी ८२. तो ११ फुटांच्या दिशेने लांब टाकला तर पायाशी ५० इंच राहतात. त्या समोरच्या भिंतीला २४ इंच खोलीचं कपाट लावलं की २६ इंच उरले. १८ इंची झडप उघडली की तुम्ही ८ इंचांत उभे. ही चूक इतकी सर्रास होते की कपाट तयार झाल्यावर लोक मग पलंग लहान करून घेतात.

कपाट पलंगाच्या बाजूच्या भिंतीला घ्या. १५६ इंचांचा हिशेब असा: कपाट २४, मोकळी वाट ३३, पलंग ७२, पलीकडची वाट २७. बरोबर १५६. कपाटाकडच्या बाजूला पाय असलेलं टेबल नको, १२ इंची लटकता कप्पा पुरतो. नाहीतर खालचे ड्रॉवर पूर्ण ओढता येणार नाहीत. पायाशी ५० इंच मोकळे आहेत; टीव्ही भिंतीवर आणि त्याखाली १२ इंच खोल फळी एवढंच लावलं तर ३८ इंचांची वाट राहते. तीच फळी खिडकीकडच्या टोकाला १८ इंच खोल आणि जमिनीपासून ३० इंच उंच केली की तेच तुमचं टेबल. मात्र खुर्ची आत सरकून बसणारी हवी.

वॉक-इनचा हट्ट सोडा. एका बाजूच्या कपाटाला २४ इंच, उभं राहायला ३६, म्हणजे पाच फूट गेलेच. दोन्ही बाजूंना कपाटं असतील तर ७ फूट. १३ मधून ५ गेले, त्यात पार्टिशन, की उरले पावणेआठ. त्यात ६ फुटी पलंग टाकल्यावर दोन्ही बाजूंना १०-१० इंच राहतात. क्वीन, म्हणजे ६० इंची पलंग घेतलात तर १६-१६. पांघरूण घालायला पलंगावर चढावं लागेल. साधारण १६ फुटांपेक्षा कमी लांबीच्या खोलीत वॉक-इन म्हणजे बेडरूमच्या जागेत उभारलेला पॅसेज, असं आमचं मत आहे.

सरकत्या झडपांचं कपाट घेतलंत तर खोली २४ नव्हे, २६-२७ इंच धरा. ट्रॅकला जागा लागते. हँगर आडवा राहायला आत २२ इंच निव्वळ हवेत. २० इंची ‘स्लिम’ कपाटात शर्टाच्या बाह्या दाराला घासतात.

माप घेताना चारही भिंतींचं घ्या, आणि दोन्ही कर्णही मोजा. कर्णांत इंचभरापेक्षा जास्त फरक असेल तर कोपरे काटकोनात नाहीत. सुताराला तसं सांगितलं नाही तर कपाटाच्या एका टोकाला फट दिसते आणि ती लपवायला पट्टी येते. बीम छतापासून किती खाली आला आहे तेही टिपा, कारण वरचा लॉफ्ट तिथेच अडतो. मग जमिनीवर मास्किंग टेपने पलंग, कपाट आणि उघडलेली झडप आखा आणि दोन-तीन दिवस त्यातून वावरा. कागदावर २७ इंच वाचणं आणि हातात कपड्यांची बादली घेऊन २७ इंचांतून जाणं यांत फरक आहे.

विजेचे पॉइंट या आखणीवरून ठरवा, आधी नाही. पलंगाच्या दोन्ही बाजूंना स्विच जमिनीपासून २७ ते ३० इंचांवर; त्याखाली ठेवलेत तर गादी त्यांना झाकते. दिवा आणि पंखा दोन्हींना टू-वे स्विच, एक दाराशी आणि एक उशाशी. दीड टनी एसीला स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरची वायर. एसीचा झोत आडवा, पायांवरून जाईल असा. आणि पंखा! छताचा हूक खोलीच्या मध्यावर असतो, पण कपाट लागल्यावर उरलेल्या खोलीचा मध्य एक फूट सरकतो आणि पंखा कपाटाकडे एका बाजूला राहतो. हूक हलवायचा तर तो फॉल्स सीलिंगच्या आधी, स्लॅबमध्ये अँकर फास्टनर ठोकून. सीलिंगच्या चौकटीवर पंखा टांगायचा नाही.

तुमच्या पत्रात शेवटी डोकं दक्षिणेला हवं असं लिहिलं आहे. ती अट असेल तर ती आखणीच्या पहिल्या दिवशी सांगा. सुतार येऊन गेल्यावर दिशा आठवली की प्लायवूड वाया जातं.

चिपळूणजवळ जांभ्या चिऱ्याचं जुनं घर आहे, वर स्लॅब. माजघर आणि शेजारची कोठीची खोली यांत सहा फुटांचं ओपनिंग काढून मोठी बेडरूम करायची आहे. भिंत भार पेलते की नाही हे कसं ओळखायचं? मागे लागून बाथरूमही हवं आहे.

चिऱ्याच्या घरात ९ इंच किंवा त्याहून जाड भिंत असेल तर ती भार पेलते असंच धरून चाला. ठोकून आवाज ऐकण्यावर जाऊ नका, गिलाव्याने तो फसवतो. स्लॅबच्या सळया आखूड बाजूने जातात, त्यामुळे लांब भिंती हमखास भाराच्या. खोली चौरसाच्या जवळ असेल तर चारही. गच्चीवर त्याच रेषेत पाण्याची टाकी किंवा कठडा आहे का तेही बघा. तुमची भिंत दोन खोल्यांच्या मधली, म्हणजे तिच्यावर दोन्हीकडच्या स्लॅबचं ओझं आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय तिला हात लावायचा नाही. चिपळूण कोयनेपासून लांब नाही आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात चिऱ्यामातीच्या घरांचे काय हाल झाले ते तुमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे.

ओपनिंग कोपऱ्यापासून निदान २ फूट सोडून घ्या. कामाचा क्रम असा असतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंना, दोन-अडीच फुटांवर, स्लॅबखाली लोखंडी प्रॉप (उभे टेकू) आणि त्यांवर आडवे वासे. प्रॉपच्या तळाशी फळी, नाहीतर फरशी फुटते. मग भिंतीच्या एका अंगाने, ७ फुटांच्या वर, निम्म्या जाडीची आडवी खाच कापून एक आय-गर्डर (इंग्रजी ‘I’ आकाराची लोखंडी तुळई) बसवायचा. सहा फुटांच्या ओपनिंगला दोन्ही टोकांना ९-९ इंच टेकण हवी, म्हणून गर्डर साडेसात फुटांचा. टोकं नुसत्या चिऱ्यावर टेकवायची नाहीत. जांभा मऊ, तो चुरतो. तिथे काँक्रीटचा ठोकळा आधी ओतून पक्का होऊ द्यायचा. गर्डर आणि वरचा चिरा यांमधली फट कोरड्या, घट्ट मसाल्याने ठोकून भरायची. इथेच काम फसतं: ओला मसाला वाळताना आक्रसतो, भिंत केसभर खाली बसते आणि गच्चीत भेग उमटते. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या अंगाने दुसरा गर्डर, दोन्ही बोल्टने जोडायचे, आणि त्यानंतरच खालचे चिरे वरून खाली काढत यायचे. घण नाही, छिन्नी आणि कटर. प्रॉप आणखी आठवडाभर राहू द्या. सहसा १५० मिलिमीटरचे दोन गर्डर असतात, पण तुमच्या भिंतीचा आकडा इंजिनिअरनेच काढायचा. कोकणच्या हवेत लोखंडाला गंजरोधक रंगाचे दोन हात आणि वर जाळी मारूनच गिलावा.

बाथरूमच्या बाबतीत तुम्ही फ्लॅटवाल्यांपेक्षा सुखी आहात. ते घराच्या आत काढूच नका, मागच्या भिंतीला बाहेरून लागून बांधा: ५×८, स्वतःच्या पायावर, बेडरूमपेक्षा फरशी एक इंच खाली. पाइप जमिनीतून थेट चेंबरला, प्रत्येक वळणावर एक चेंबर. शोषखड्डा विहिरीपासून किमान ६० फूट लांब. जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यात पावसाचं पाणी शिरतं. वर पत्रा किंवा स्लॅबचा छज्जा सांध्याच्या पुढे यायला हवा.

आणि कपाट पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला लावू नका. जागाच नसेल तर मागे २ इंच मोकळे सोडा, खाली पाय द्या. भिंतीला चिकटलेल्या प्लायला श्रावणापर्यंत बुरशी येते.

नाशिकला बंगल्यात तळमजल्यावर ७८ वर्षांच्या आईसाठी अटॅच्ड बेडरूम करतो आहोत. गुडघे दुखतात, पुढे कदाचित व्हीलचेअर लागेल. काय काय आधीच करून घ्यावं?

दारापासून. बाथरूमचं नेहमीचं अडीच फुटी दार चालणार नाही; चौकटीच्या आत ३६ इंच मोकळे हवेत, आणि दार सरकतं किंवा बाहेर उघडणारं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार ढकलता येत नाही, हे कारण एकदा समजलं की कुणी वाद घालत नाही. कडी बाहेरूनही उघडणारी घ्या.

व्हीलचेअर वळायला ५ फूट व्यासाचा मोकळा गोल लागतो. तो बाथरूममध्ये बसत नसेल तर निदान बेडरूममध्ये, बाथरूमच्या दारासमोर ठेवा. पलंग मग मधोमध न टाकता एका भिंतीकडे सरकवा. ज्या बाजूने आई उतरतात त्या बाजूला ३ फूट. पलंगाची उंची गादीसकट १८ ते २० इंच. फार खालचा पलंग गुडघ्यांचा शत्रू.

उंबरा काढा. पाणी बाहेर येईल ही भीती रास्त आहे, पण त्यावर उपाय उतारात आहे: शॉवरच्या कोपऱ्याकडे ८० इंचांना १ इंच, आणि दाराशी आडवी जाळीची नाली. फरकच ठेवायचा तर अर्धा इंच, तोही तिरका घासलेला. फरशी खडबडीत, लहान आकाराची. मोठ्या टाइलपेक्षा सांधे जास्त असले की पाय कमी घसरतो.

कमोडची बैठक १८ इंच उंच. आधाराच्या दांड्या नंतर लावू म्हणाल तर तिथेच घोटाळा होतो. एएसी ब्लॉकच्या भिंतीत साध्या गुल्ल्या आणि स्क्रूवर दांडी धरत नाही. माणसाचा पूर्ण भार एका झटक्यात येतो आणि टाइलसकट बाहेर पडते. टाइल लावण्याआधी त्या जागी भिंतीत काँक्रीटचा पट्टा भरून घ्या. तो पक्का झाल्यावर त्यात केमिकल अँकर (रसायनाने चिकटवून पक्का केलेला बोल्ट). दांडी दीड इंच जाड, भिंतीपासून दीड इंच दूर. याहून जास्त फट ठेवली तर हात आत अडकतो. उंचीचा आकडा पुस्तकातून घेऊ नका. आईंना १८ इंची स्टुलावर बसवा, उठताना हात आपोआप कुठे जातो ते बघा आणि भिंतीवर खडूने खूण करा. शॉवरपाशी बसायला जागा आणि हातात धरायचा शॉवर.

उशाशी दिव्याचा स्विच, पलंग ते कमोड या वाटेवर जमिनीलगत मंद दिवा, आणि बाथरूममध्ये घंटीचं बटण जमिनीपासून फूटभर उंचीवर. पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल असं. गीझरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा. नळाला लागून शॉक बसला तर तोच वाचवतो.

कोल्हापूर: बेडरूमच्या बाथरूमला जुन्या टाइलवरच नवीन टाइल लावून घेतल्या. आठ महिन्यांत खालच्या घराचं छत ओलं. आता परत सगळं फोडायचं का?

लगेच नाही. आधी पाणी कुठलं ते शोधा. दोन दिवस बाथरूम अजिबात वापरू नका, पण वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह चालू ठेवा. डाग तरीही ओला राहिला तर बहुधा दाबाखालची नळाची लाइन गळते आहे. प्लंबरकडून टेस्ट पंपाने दाब देऊन सांधा शोधता येतो आणि तेवढीच टाइल निघते. डाग वाळला तर दोष निचऱ्यात किंवा फरशीत. मग नहाणीचं तोंड बांधून फरशीवर इंचभर रंगीत पाणी २४ तास साठवा. खाली रंग उतरला तर फरशी आणि कोपरे. नाही उतरला आणि नहाणीत बादलीभर पाणी ओतल्यावर उतरला, तर ट्रॅप आणि पाइपचा सांधा.

फरशीच निघाली तर मात्र फोडायला लागेल, आणि स्लॅबपर्यंत. टाइलवर टाइल लावल्याने गळती थांबत नाही, ती थोडी लांबते. खाली भिजलेला भराव तसाच राहतो आणि नहाणीची जाळी वर आल्यामुळे जुना ट्रॅप आणि नवी फरशी यांत एक कच्ची चकती राहते. पाणी बहुतेक तिथूनच उतरतं.

स्लॅब उघडा पडल्यावर पाइपभोवतीची भोकं न आक्रसणाऱ्या ग्राउटने भरा, भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात दोन इंची वाटा (मसाल्याची गोलाई) मारा. त्यावर पाणी अडवणाऱ्या पॉलिमर-सिमेंट लेपाचे दोन हात, पहिला उभा तर दुसरा आडवा, भिंतीवर फूटभर. पाणी भरून ७२ तास थांबा, आणि रोज खाली जाऊन छत बघा. खड्ड्याच्या तळाशी एक इंची पाइप डक्टमध्ये काढून ठेवा. पुढेमागे पाणी मुरलंच तर ते शेजाऱ्यांच्या छताऐवजी तिथे टपकेल. मग भराव, कोबा, उतार आणि कोब्यावर पुन्हा लेप, आता शॉवरच्या भिंतींवर ६ फुटांपर्यंत. पुन्हा ४८ तास पाणी. टाइल ॲडहेसिव्हवर, सांधे इपॉक्सीने. पांढऱ्या सिमेंटचे सांधे वर्ष-दोन वर्षांत पोकळ होतात.

ठेकेदाराला दोन्ही वेळा पाणी साठवलेलं दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका, आणि लेप झाल्यावर प्लंबरला छिन्नी घेऊन आत सोडू नका. हँड शॉवरचा पॉइंट राहिला, गीझरचा निपल बदलायचा आहे, असं काहीतरी त्याच आठवड्यात निघतं आणि एका टोल्यात लेप फुटतो. सगळे पॉइंट भराव करण्याआधी खडूने भिंतीवर लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. आरसा आणि टॉवेलच्या दांडीला भोकं पाडताना पाइप कुठून गेला आहे ते त्या फोटोत सापडतं.